प्रस्तावना : ‘बोटी थांबवा’ म्हणणारी माणसे

जानेवारी 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात एका जनमत चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. बोटीने येऊन आश्रय मागणाऱ्यांशी सरकारने अधिक कठोरपणे वागावे का, असे यूएमआर या संस्थेने लोकांना विचारले होते. 60 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. त्या वेळी काय चालू होते हे ठाऊक असल्याशिवाय या उत्तराचे वजन कळत नाही. बोटीने आलेला माणूस पुढे खरा निर्वासित ठरला तरी त्याला ऑस्ट्रेलियात कधीच राहू द्यायचे नाही, हा निर्णय सहा महिन्यांपूर्वीच झाला होता. माणसे नाउरू या चिमुकल्या देशात आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर छावण्यांत ठेवली जात होती. नाउरूवर त्यांत लहान मुलेही होती. समुद्रात अडवलेल्या बोटी नौदल परत इंडोनेशियाच्या दिशेने वळवत होते. याहून कठोर म्हणजे आणखी काय करायचे, हे त्या साठ टक्क्यांनाही सांगता आले असते की नाही, शंकाच आहे.

हे साठ टक्के लोक हा या पुस्तकाचा विषय आहे. बोटीतल्या माणसांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बेहरूझ बूचानी या इराणी कुर्द पत्रकाराने मानुसवरच्या कैदेत मोबाइलवर फारसीत मजकूर लिहिला, तो तुकड्यातुकड्यांनी व्हॉट्सअॅपवरून बाहेर पाठवला आणि त्यातून एक अख्खे पुस्तक उभे राहिले. 2019 मध्ये त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातला एक मोठा वाङ्मयीन पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखक बेटावरच होता. पुरस्कार घ्यायला त्याला देशात पाऊल ठेवता येत नव्हते. ज्याला त्याच्या पुस्तकातून सुरुवात करायची असेल त्याने जरूर करावी. इथे मात्र नजर वळवायची आहे ती किनाऱ्यावरच्या लोकांकडे. ही माणसे क्रूर नाहीत. वणवा पेटला की पदरमोड करून, विनावेतन अग्निशमन दलात राबणारे, अनोळखी माणसाची मेंढरे वाचवायला धावणारे हे लोक. त्यांच्याच देशाने 2012-13 या एका वर्षात अधिकृत मार्गाने 12 हजारांहून अधिक निर्वासितांना घरे दिली आणि त्यावर फारशी कुरकूर झाली नाही. मग बोट दिसली की असे काय होते?

‘वर्णद्वेष’ हे उत्तर तयार असते, आणि ते खोटे नाही. 1901 मध्ये संघराज्य झाल्या झाल्या ऑस्ट्रेलियाच्या संसदेने जे पहिले मोठे कायदे केले त्यांत गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारा कायदा होता. त्याचे हत्यार होते श्रुतलेखनाची परीक्षा. अधिकाऱ्याला वाटेल त्या युरोपीय भाषेत ती घेता येई, म्हणजे नापास करायचे ठरवले की माणूस नापास. हे धोरण पूर्णपणे संपायला 1973 उजाडले. एवढा इतिहास अंगात मुरलेला असताना उत्तरेकडच्या समुद्रातून येणाऱ्या नावेकडे कोऱ्या मनाने कोण पाहणार? (स्वतः 1788 मध्ये नावांतूनच आलेल्यांच्या वंशजांना नावांचीच एवढी धास्ती वाटावी, यातली विसंगती तिथल्या आदिवासींनी अनेकदा बोलून दाखवली आहे.) पण वर्णद्वेषाने सगळे उलगडत नाही. 2021 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे आई किंवा वडील परदेशात जन्मलेले निघाले, आणि परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडखालोखाल दुसरा क्रमांक भारताचा लागला. भारत, चीन, फिलिपिन्समधून येणाऱ्यांचे स्वागत करणारा समाज हजारा जमातीच्या काही हजार अफगाणांना आणि श्रीलंकेतल्या तमिळांना घाबरतो, तेव्हा कातडीच्या रंगाखेरीज आणखी काहीतरी शोधावे लागते.

माझे म्हणणे असे, की या पाठिंब्यात द्वेष आहे, पण बहुतेकांच्या मनात तो पहिल्यांदा येत नाही. पहिल्यांदा येते ती दार कुणाला उघडायचे हे आपण ठरवावे ही इच्छा, रांग मोडणाऱ्याविषयीची चीड आणि, ऐकायला विचित्र वाटेल, पण दयासुद्धा. ज्या भावनांवर एरवी शेजारधर्म उभा राहतो त्याच इथे छावणीच्या कुंपणाला लागल्या.

यातली पहिली भावना टॅम्पा जहाजाच्या प्रकरणात उघडी पडली. 26 ऑगस्ट 2001 रोजी या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाने हिंदी महासागरात बुडायला आलेल्या एका इंडोनेशियन मच्छीमार बोटीवरची 433 माणसे वाचवली. बहुतेक अफगाण, हजारा जमातीची. जहाजावर खलाशी होते 27. कप्तान आर्ने रिनान यांनी माणसे जवळच्या, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटावर उतरवू द्या म्हणून परवानगी मागितली. जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने ती नाकारली. डेकवर लोक आजारी पडू लागल्यावर कप्तानांनी जहाज तसेच ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत नेले, तेव्हा त्यावर लष्कराची कमांडो तुकडी चढवली गेली. पुढच्या वर्षी रिनान, त्यांचे खलाशी आणि जहाज कंपनी यांना संयुक्त राष्ट्रांचा नान्सेन पुरस्कार मिळाला. घरच्या मतदारांनी मात्र पाठ थोपटली ती हॉवर्ड यांची. चाचण्यांत चारांतले तीन लोक जहाज अडवण्याच्या बाजूने होते. या देशात कोण येणार आणि कसे येणार हे आम्ही ठरवू, अशा अर्थाचे हॉवर्ड यांचे वाक्य त्यानंतरच्या निवडणुकीची घोषणाच झाले, आणि निवडणूक त्यांनी जिंकली.

त्या वाक्यात बोटीतल्या माणसांविषयी चांगले-वाईट काहीच नाही. सगळा भर ‘आम्ही ठरवू’ यावर आहे. गासान हाज या लेबनीज-ऑस्ट्रेलियन मानववंशशास्त्रज्ञाने हे तीन वर्षे आधीच ओळखले होते. ‘व्हाइट नेशन’ या 1998 च्या पुस्तकात त्याने एक अडचणीचे निरीक्षण नोंदवले. परक्यांना हाकला म्हणणारा आणि परक्यांना सामावून घ्या म्हणणारा, हे दोघे भांडत असले तरी दोघांचीही समजूत एकच असते, की देश म्हणजे आपल्या व्यवस्थेखालची जागा आहे आणि त्यात कोण किती असावे हे आपण ठरवायचे. निवडून, व्हिसा देऊन आणलेला स्थलांतरित या समजुतीला धक्का लावत नाही, उलट तिला खतपाणी घालतो. न विचारता आलेला माणूस एकटा असला तरी तिला तडा देतो. कॅरेन स्टेनर या ऑस्ट्रेलियन राजकीय मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2005 च्या आपल्या ग्रंथात याच्या जवळ जाणारी गोष्ट दुसऱ्या वाटेने मांडली. काही माणसांत एकसारखेपणाची, एकजिनसीपणाची ओढ उपजतच जास्त असते. एरवी ती निपचित असते. समाजाची घडी विस्कटते आहे आणि नेत्यांचा ताबा सुटला आहे असे वाटले की ती जागी होते. रोज संध्याकाळच्या बातम्यांत आणखी एक बोट आली म्हणून सांगणे, हा ती जागी करण्याचा उत्तम उपाय.

आकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. 2013 मध्ये बोटींनी सुमारे 20 हजार माणसे आली. देश हादरला, सरकार बदलले. पुढे 2017-18 या वर्षात विमानाने, रीतसर व्हिसावर येऊन मग आश्रयाचा अर्ज करणाऱ्यांची संख्या 27 हजारांच्या वर गेली. त्यांतले बहुतेक मलेशिया आणि चीनमधून आलेले होते आणि बहुतेकांचे अर्ज फेटाळले गेले. बोटीने आलेल्यांत मात्र दहातले सुमारे नऊ जण छाननीअंती खरे निर्वासित ठरत. म्हणजे संख्येची भीती असती, किंवा खोटेपणाची चीड असती, तर ती विमानतळावर दिसायला हवी होती. ती दिसली नाही. विमानातून उतरणारा माणूस शिक्का मारून घेतो, बॅग उचलतो आणि गर्दीत मिसळतो. त्याचे छायाचित्र कुणी काढत नाही. यूएमआरच्याच चाचणीत 59 टक्के लोकांना बोटीने येणारे बहुतेक लोक खरे निर्वासित नसतात असे वाटत होते. वस्तुस्थिती बरोबर उलटी होती, आणि ती सरकारच्या स्वतःच्या निकालपत्रांत लिहिलेली होती.

दुसरी भावना रांगेची. ‘क्यू जंपर’, रांगेत घुसणारा, हा शब्द ऑस्ट्रेलियात आश्रयार्थ्यांना 1970 च्या दशकापासून चिकटला आहे. एप्रिल 1976 मध्ये पाच व्हिएतनामी पुरुष एका लहानशा नावेने डार्विनला येऊन लागले. त्यांच्यामागून आणखी नावा आल्या. तेव्हाचे पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी प्रतिकूल लोकमत असूनही या लोकांना सामावून घेतले, पण शब्द राहून गेला. तो का राहिला हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. रेशनच्या, गॅसच्या, तिकिटाच्या रांगेत जन्म काढलेला आपला माणूस लाच देणाऱ्याला एक वेळ माफ करील, पण ‘एकच विचारायचंय हो’ म्हणत पुढे सरकणाऱ्याला नाही. न्यायाची ही अगदी तळातली जाणीव आहे. गडबड एवढीच की निर्वासितांसाठी अशी रांग कुठे नाही. संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना तिसऱ्या देशात कायमचे घर मिळते, आणि तेही आधी आलेल्याला आधी या नियमाने मिळत नाही. काबूलमधून जीव मुठीत धरून निघालेल्याने उभे राहायचे कुणाच्या मागे?

तरीही 2012 मध्ये संरक्षण दलांचे माजी प्रमुख अँगस ह्यूस्टन यांच्या तज्ज्ञ समितीने धोरण सुचवले तेव्हा त्याचे सूत्रच हे होते, की बोटीने येणाऱ्याला न येणाऱ्यापेक्षा कुठलाही फायदा मिळता कामा नये. नाउरू आणि मानुसच्या बंद पडलेल्या छावण्या मजूर पक्षाच्या सरकारने पुन्हा उघडल्या त्या या शिफारशीनंतर. याच मुद्द्यापाशी सिडनी-मेलबर्नमधला मराठी माणूस या गोष्टीत येतो, आणि तो बहुधा किनाऱ्यावरच उभा असतो. गुण मोजून, इंग्रजीची परीक्षा देऊन, वर्षानुवर्षे ‘पीआर’ची, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची, वाट पाहून तो तिथे पोहोचलेला असतो. “आम्ही नाही का नियमाने आलो?” हे वाक्य तिथल्या गणेशोत्सवाच्या मांडवात ऐकायला मिळाले तर नवल वाटू नये. स्वतः सोसलेल्या त्रासाला किंमत राहावी म्हणून माणसे दुसऱ्याच्या सवलतीला विरोध करतात, ही गोष्ट मराठी, इंग्रज, ग्रीक सगळ्यांना सारखीच लागू आहे. त्याच्या अर्जाची रांग खरी होती. बोटीतल्या माणसापुढे ती नव्हतीच, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मानसशास्त्रात ‘आपले’ आणि ‘परके’ या वाटणीची चर्चा हेन्री ताय्फेल यांच्यापासून सुरू होते, म्हणून त्यांच्याविषयी थोडे. हे पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते, जर्मनांच्या हाती सापडले आणि फ्रेंच म्हणून कैदेत राहिल्यामुळे वाचले. घरचे जवळजवळ सगळे मारले गेले. युद्धानंतर काही वर्षे त्यांनी युद्धातून वाचलेल्या, बेघर झालेल्या मुलांच्या पुनर्वसनाचे काम केले. पुढे ब्रिस्टलला प्राध्यापक असताना त्यांनी 1970 च्या सुमारास शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांचे दोन गट पाडले गेले, तेही क्षुल्लक कारणावरून. एका प्रयोगात अमक्या चित्रकाराची चित्रे आवडली की तमक्याची, एवढ्यावरून. मग त्यांना इतर मुलांमध्ये पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य हे, की आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळण्यापेक्षा दोन गटांत जास्तीत जास्त फरक पडावा, याकडे त्यांचा कल होता. त्यासाठी स्वतःच्या गटाचे थोडे नुकसानही त्यांना चालत होते.

प्रयोगशाळेतल्या पोरांवरून देशाविषयी बोलणे धोक्याचे असते, हे मान्य. पण ऑस्ट्रेलियाच्या महालेखापरीक्षकांनी बेटांवरच्या छावण्यांचा खर्च माणशी वर्षाला साडेपाच लाख डॉलरहून अधिक काढला, आणि एरवी कराच्या प्रत्येक डॉलरचा हिशेब मागणाऱ्या मतदारांनी त्यावर ब्र काढला नाही, तेव्हा ब्रिस्टलची ती मुले आठवल्यावाचून राहत नाहीत.

तिसरी भावना दया. हा भाग लिहिताना मला सर्वांत जड गेला, कारण इथे सोपा दोषी सापडत नाही. 2008 मध्ये केविन रड सरकारने टॅम्पानंतर बेटांवर उघडलेल्या छावण्या बंद केल्या. बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांबरोबर बुडणेही. डिसेंबर 2010 मध्ये ख्रिसमस बेटाच्या कड्यावर एक बोट फुटली. काठावरून लोक पाहत होते, दोर आणि लाइफ जॅकेट फेकत होते, आणि पन्नासच्या आसपास माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर बुडाली. 2008 ते 2013 या काळात अशी सुमारे 1,200 माणसे समुद्रात गेल्याचा अंदाज आहे. बोटी थांबवणे म्हणजे जीव वाचवणे, हा युक्तिवाद त्यानंतर कठोर धोरणाला मिळाला आणि त्याने सगळा रागरंग पालटला. आतापर्यंत ज्यांना या धोरणाची लाज वाटत होती त्यांनाही आता ते दयेपोटी मान्य करता आले. युक्तिवाद पोकळ नाही. बोटी थांबल्या आणि त्या वाटेवरचे बुडणेही थांबले, हे नाकारता येत नाही. पण तो एवढा सोयीचा होता की त्याने पुढचा प्रश्न गिळून टाकला. जे बुडाले नाहीत त्यांना वर्षानुवर्षे बेटावर खितपत ठेवून कुणाचा जीव वाचत होता?

त्या प्रश्नाला मनाने दिलेले उत्तर मेल्विन लर्नर यांच्या 1966 च्या प्रयोगात सापडते. विजेचे झटके बसत असल्याचे नाटक करणारी एक बाई प्रेक्षकांना दाखवली. ज्यांना तिची सुटका करता येत होती त्यांनी ती केली. ज्यांना फक्त पाहत बसावे लागले त्यांच्या मनातून ती उतरली. जगात ज्याचे त्याला मिळते असे मानून जगणाऱ्याला निष्पापाची शिक्षा सहन होत नाही, म्हणून तो निष्पापातच खोट काढतो. ऑक्टोबर 2001 मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, मंत्र्यांनी सांगितले की अडवलेल्या एका बोटीवरच्या लोकांनी आपलीच मुले समुद्रात फेकली. तसे काही घडले नव्हते. पुरावा म्हणून दाखवलेली छायाचित्रे दुसऱ्या दिवशी बोट बुडताना पाण्यात पडलेल्यांची होती. सिनेटच्या चौकशी समितीने हे वर्षभराने सिद्ध केले. तोवर निवडणूक होऊन गेली होती. लोकांनी त्या बातमीवर झटकन विश्वास ठेवला, कारण तिने एक ओझे उतरवले: असल्या माणसांना परत पाठवताना वाईट वाटून घ्यायचे कारण नाही.

त्याच चौकशीत आणखी एक साक्ष झाली. या लोकांची मानवी चेहरा दाखवणारी, आपुलकी वाटेल अशी छायाचित्रे काढू नयेत, असे संरक्षण खात्याच्या छायाचित्रकारांना कळवले गेले होते. ज्याने कुणी ते ठरवले त्याला मानसशास्त्र चांगले कळत होते. रोलंड ब्लायकर आणि सहकाऱ्यांनी पुढे दोन मोठ्या ऑस्ट्रेलियन दैनिकांची पहिली पाने तपासली, तेव्हा दोनतृतीयांश छायाचित्रांत आश्रयार्थी घोळक्याने दिसले. ओळखता येईल असा एकट्या माणसाचा चेहरा होता अवघ्या दोन टक्क्यांत. पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवून दिले की मालीतल्या एका सात वर्षांच्या मुलीसाठी लोक सढळ हाताने देतात, लाखो भुकेल्यांच्या आकडेवारीसाठी कमी देतात, आणि मुलीशेजारी ती आकडेवारी ठेवली तर मुलीलाही कमी देतात.

ओळखीचा चेहरा काय करू शकतो हे दाखवणारी बिलोएलाची गोष्ट म्हणूनच या पुस्तकात सर्वांत लांब आहे. क्वीन्सलंडमधले सहाएक हजार वस्तीचे, कोळसा आणि गुराढोरांवर जगणारे, राजकारणात उजवीकडे झुकणारे हे गाव. बोटीने आलेले एक तमिळ जोडपे तिथे राहत होते. नवरा खाटीकखान्यात कामाला, दोन मुली तिथेच जन्मलेल्या. मार्च 2018 मध्ये अधिकाऱ्यांनी पहाटे येऊन चौघांना उचलले. ‘बोटी थांबवा’ म्हणणाऱ्या पक्षाला मते देणाऱ्या याच गावाने मग ‘होम टू बिलो’ ही मोहीम उभारली आणि चार वर्षे नेटाने चालवली. जून 2022 मध्ये कुटुंब घरी परतले. गाव बदलले होते का? मला तसे वाटत नाही. गावाने बोटींविषयीचे मत बदलल्याचा पुरावा नाही. ती चौघे गावाच्या लेखी बोटीतली राहिली नव्हती, एवढेच. 2015 च्या सप्टेंबरात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन बालकाचे छायाचित्र जगभर फिरले, तेव्हाही टोनी अॅबट यांच्या सरकारने 12 हजार जादा निर्वासित घेण्याचे जाहीर केले. बोटी अडवणे त्या आठवड्यातही चालूच होते, आणि बहुतेकांना यात विसंगती दिसली नाही.

मानसशास्त्राची मर्यादाही सांगायला हवी. भीती, चीड, दया या सगळीकडेच असतात. त्यांचे धोरण होते ते कुणीतरी केले म्हणून. 1992 मध्ये बोटीने येणाऱ्यांना सक्तीने डांबण्याचा कायदा मजूर पक्षाने केला, 2001 मध्ये बेटांवरच्या छावण्यांची युक्ती त्याच्या विरोधकांनी काढली, 2012 मध्ये मजूर पक्षाने ती परत आणली. फ्रेझर यांच्यासमोरचे लोकमत हॉवर्ड यांच्यासमोरच्या लोकमतापेक्षा फार उदार नव्हते. दोघांनी त्याचे वेगवेगळे केले. लोकांना दोष देऊन नेत्यांना मोकळे सोडावे, असा या पुस्तकाचा हेतू नाही.

भारतातल्या निर्वासितांवर इथे प्रकरण नाही, हे काहींना खटकेल. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. आपल्याकडचा कायदा, फाळणीची स्मृती आणि सीमांचे राजकारण इतके निराळे आहे की त्याला वेगळे पुस्तक हवे. शिवाय परक्याच्या घरातले भांडण पाहताना डोके थंड राहते, आणि या विषयाला ते हवे आहे.

जून 2023 मध्ये नाउरूवरचा शेवटचा निर्वासित ऑस्ट्रेलियात आणला गेला. सप्टेंबरमध्ये नव्या बोटीतली माणसे पुन्हा तिकडे पाठवली गेली. या दुसऱ्या बातमीवर फारसे कुणी बोलले नाही. दरम्यान ब्रिटनने ‘बोटी थांबवा’ हीच घोषणा उचलून आश्रयार्थ्यांना रवांडाला पाठवण्याची योजना आखली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये ती बेकायदा ठरवली. तेव्हा विषय जुना झालेला नाही.

वाचकांना एक विनंती. पुढे जागोजागी चाचण्यांचे आकडे येतील. प्रत्येक आकड्यासोबत लोकांना नेमके काय विचारले होते तेही दिले आहे. घाईत असलात तर टक्केवारी वगळा, पण तो प्रश्न वगळू नका.